कोंबड्यांना काहीही झालेलं नाही

लोकांना वाटतं, गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला आजारी जनावर अवघड जात असेल. तसं नसतं. आजारी जनावर काहीतरी सांगत असतं. ताप असतो, लाळ असते, एक पाय उचललेला असतो. मला सगळ्या नोकरीत अवघड गेली ती ठणठणीत कोंबडी. खाते, पिते, उकिरडा उकरते, मांजरावर धावून जाते आणि अंडी मात्र देत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात, मी आता दुरुस्त करत नाही. अलिबागच्या दक्षिणेला चौल, रेवदंडा, मधली खेडी, अशा पट्ट्यात माझी बरीच नोकरी झाली. पेटीत टाक्यांचा दोरा, इंजेक्शनं, जंताचं औषध. बोलणं मुळातच कमी. या अंकासाठी लिहा म्हटल्यावर विहिरीत पडलेल्या म्हशीचा किस्सा लिहून मोकळा होणार होतो. दोन पानं लिहिली आणि फाडली. कारण म्हशीच्या बाबतीत माझ्या मनावर काही नाही. कोंबड्यांच्या बाबतीत आहे.

आधी कोंबडीविषयी सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि खरं म्हणजे ते सांगायला मला आवडतं.

नोकरीच्या सुरुवातीला एक मेलेली कोंबडी उघडून बघायची वेळ आली. अंडी चालू असताना कुत्र्याने मारलेली. पोटात पाठीच्या कण्याला धरून पिवळ्या गोळ्यांचा घोस लोंबत होता. पहिला गोळा पूर्ण बलकाएवढा, सुटायच्या बेतात. दुसरा सुपारीएवढा, मग बोराएवढा, वाटाण्याएवढा, मोहरीएवढा, आणि त्याच्या मागे नुसती रवाळ पिवळी धूळ. म्हणजे उद्याचं, परवाचं, पुढच्या आठवड्याचं अंडं आपापल्या मापाने रांगेत उभं होतं. मी हातातली कात्री खाली ठेवली. इतकी वर्षं झाली, अजून तो घोस बघितला की मी क्षणभर थांबतो.

बलक सुटला की त्याच्याभोवती पांढरं चढतं, मग पापुद्रा, मग कवच. कवचाला रात्र लागते. त्याचा चुना कोंबडी खाण्यातून घेते, आणि तेवढा मिळाला नाही तर स्वतःच्या हाडांतून काढते. आपण झोपलेलो असतो आणि अंगणातल्या खुराड्यात एक कोंबडी आपलं हाड विरघळवून अंड्याचं कवच घडवत असते. या सगळ्याला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून आज सकाळी अंडं, उद्या जरा उशिरा, परवा आणखी उशिरा, आणि मग एक दिवस खाडा. लोक त्या खाड्यालाही घाबरतात.

आमच्या गावठी कोंबडीचं आणखी एक. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, जागा धरून बसते, हात घातला की टोचते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते थंडीतलं. दिवाळीनंतर दिवस आखडतो. आमच्याकडे फार नाही आखडत, माणसाला जेमतेम जाणवतं. कोंबडीला जाणवतं. तेवढ्यातच वर्षभर वापरलेली जुनी पिसं ती टाकायला लागते. पीस घडवायला अंगातला सगळा कस लागतो. नवी पिसं घालायची आणि अंडंही घालायचं, हे एका अंगाला जमत नाही. अंडं थांबतं. लाल तुरा फिका पडतो, आकसतो. ती आजारी नसते. ती दुसऱ्या कामाला लागलेली असते.

दिवस लहान झाला हे तिला कळतं कसं? मी समजायचो, डोळ्यांनी. रेवदंड्याला एका खालांकडे एक कोंबडी होती. देवीच्या रोगात तिचे दोन्ही डोळे गेलेले. मासळी सुकवायच्या अंगणात एका कोपऱ्यात ती दिवसभर बसायची, खाला तिला हाताने दाणे भरवायच्या. ती अंडी घालायची. दिवाळी सरली की बंद व्हायची आणि दिवस वाढू लागले की इतर कोंबड्यांबरोबर पुन्हा सुरू व्हायची. खालांनी मला विचारलं, "डाक्टर, हिला दिसत तर नाय. मग हिला कोण सांगतं?" मी वरिष्ठांना विचारलं, तेव्हा कळलं की उजेड नुसता डोळ्यांतून आत जात नाही. पिसं, कातडी, कवटीचं पातळ हाड यांतून तो झिरपतो आणि कोंबडीचा मेंदू त्याचं माप घेतो. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम रेवदंड्याला जाऊन खालांना हे सांगितलं. त्यांनी कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

किहीमला एका बंगल्याच्या राखणदाराच्या कोंबड्या ऐन थंडीत अंडी द्यायच्या. बंगल्याचे मालक सांगायचे, मी मुंबईहून खास खाद्य आणतो ना. त्या कोंबड्या ज्या आंब्यावर रात्री बसायच्या त्याच्या फांदीला मालकांनी शोभेसाठी मोठा दिवा लावलेला होता. कोंबड्यांचा दिवस संपतच नव्हता. मी मालकांना म्हटलं, खाद्य चांगलं आहे. एवढंच म्हटलं.

हे सगळं मला माहीत होतं. आता पुढचं.

चौलच्या एका वाडीत ताराबाई राहायच्या. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगा विनोद उरणकडे डंपर चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. नारळी-पोफळीची गर्द वाडी, उन्हाचे कवडसेच काय ते खाली पडायचे. दहा-बारा कोंबड्या. शनिवार-रविवारी समुद्रावर येणारे लोक गावठी अंडी मागतात, ती ताराबाईंकडून जायची. त्या पैशांवर त्यांची हुकमत होती, पण पैशांहून मोठी गोष्ट म्हणजे नाव होतं. ताराबाईंची अंडी.

तुळशीचं लग्न झालं आणि विनोदचंही झालं. सून पोयनाडकडची, दर्शना. मार्गशीर्षात ताराबाईंचा मला फोन आला, कोंबड्या बघून जा.

मी गेलो. खुराड्याच्या आत-बाहेर पिसं पडलेली. एकेक कोंबडी बगलेत धरली आणि शेपटीखाली बोटं लावली. हे आमचं जुनं तंत्र. तिथे दोन बारीक हाडं हाताला लागतात. अंडी चालू असली की ती फाकलेली असतात, मधे तीन बोटं सहज बसतात. अंडी थांबली की हाडं जवळ येतात, एक बोट जेमतेम जातं. हे एका रात्रीत होत नाही. त्या हाडांना खोटं बोलता येत नाही. ताराबाईंच्या सगळ्या कोंबड्यांना एक बोट. फक्त ठिपकी नावाची पहिल्याच वर्षीची तलंग होती, तिला तीन. तलंगा पहिल्या थंडीत पिसं टाकत नाहीत, त्यांचं चालू राहतं.

ताराबाई माझ्याजवळ सरकल्या. आवाज खाली आणला. "डाक्टर, खरं सांग. कोंबऱ्यांना रोग हाय, का कोनाचा हात लागतोय? ही ठिपकी घालतेय, मग बाकीच्यांना काय झाला?" मग सांगितलं की सुनेचा भाऊ दोनदा मोटारसायकलवर येऊन गेला, जाताना हातात पिशवी होती.

मी म्हटलं, "कोंबड्यांना काहीही झालेलं नाही, मावशी. ठणठणीत आहेत."

ताराबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं. दारात दर्शना चहाचा कप घेऊन उभी होती. नवी नवरी, हातात हिरवा चुडा. तिने माझ्याकडे बघितलं. मी आणखी काहीतरी बोलेन अशी ती थांबली होती, हे मला त्या वेळीच दिसलं. मी कप घेतला, चहा प्यायलो, पेटी बंद केली आणि निघालो.

का बोललो नाही, याला माझ्याजवळ एक कारण होतं, ते मी बरीच वर्षं स्वतःला देत आलो. नोकरी नवी असताना दोन भावांच्या गोठ्यात एका बैलाची जखम शिवताना मी सहज म्हणालो, हा कोयत्याचा वार आहे. तेवढ्यावरून त्या भावांची चूल वेगळी झाली. वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जनावर बघायचं, घर बघायचं नाही. आमच्या धंद्यात हे सगळेच पाळतात, आणि ते चुकीचंही नाही. पण ताराबाईंच्या अंगणात मला घराबद्दल काही बोलायचंच नव्हतं. कोंबडीबद्दलच बोलायचं होतं. आणखी दोन वाक्यं. दिवस लहान झालाय, पिसं झडतायत, अंडी मुळात झालीच नाहीत. माझ्या बोटांना ते कळलेलं होतं. मी निम्मं खरं सांगितलं आणि त्या निम्म्या खऱ्याचा अर्थ त्या घरात एकच होत होता.

शिमगा झाल्यावर कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस टोचायला त्या बाजूला फिरलो. ताराबाईंच्या ओटीवर टोपलीभर अंडी. चेहरा उजळलेला.

"तुजा बोलना खरा झाला," त्या म्हणाल्या. "कोंबऱ्या ठनठनीतच व्हत्या. ती संक्रांतीच्या आदी म्हायेरी गेली आन् मागनं कोंबऱ्या अंड्यावर आल्या. आता कोनाला काय सांगायचा ऱ्हायला न्हाय."

संक्रांतीनंतर दिवस वाढतो. पिसं येऊन झालेली असतात. कोंबड्या यायच्याच होत्या. घरात कोणी असो, नसो. सगळं वेळच्या वेळी झालं होतं आणि तेच त्या मुलीच्या विरुद्ध साक्ष देत होतं. मी म्हणालो, "मावशी, दिवस मोठा झाला की..." त्या हसल्या. म्हणाल्या, "मोठा व्हनारच रं, उनाला आला." मी लस टोचली.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून अंडी दिली. ती मी घरी नेली. बायकोने त्यांची पोळी केली. मी भूक नाही म्हणालो, आणि का ते सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात मी एकदा पोयनाडच्या बाजारातून जाताना दर्शनाला बघितलं. भाजी घेत होती. हातात चुडा नव्हता. मी गाडीचा वेग वाढवला. तेव्हापासून माझ्या एक लक्षात यायला लागलं, जे आधीच यायला हवं होतं. थंडीत "कोंबड्या बसल्या" म्हणजे अंडी बंद झाली, म्हणून मला ज्या घरांतून बोलावणं यायचं, त्यांतल्या कितीतरी घरांत नुकतीच सून आलेली असायची. लग्नं तुळशीनंतर लागतात. कोंबड्याही तुळशीनंतरच पिसं टाकतात. उजेड कमी होतो तेव्हाच नवी मुलगी उंबरठा ओलांडते. किती घरांत मी "ठणठणीत आहेत" म्हणून निघून आलो असेन, याचा विचार सुरू झाला की मी तो पुरा करत नाही.

पुढच्या मार्गशीर्षात ताराबाईंचा फोन आला.

"डाक्टर, कोंबऱ्या परत बसल्या." मग त्या म्हणाल्या, "घरात मी एकलीच हाय."

मी सगळी कामं टाकून गेलो. ताराबाई अंगणात नारळाच्या विणलेल्या झापावर बसलेल्या, भोवती पिसं. मी पेटी उघडलीच नाही. ठिपकीला पकडलं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांचा हात धरून शेपटीखाली नेला.

"दोन हाडं लागतात?"

"लागतात."

"मधे किती बोटं जातात?"

"येक. तीबी दाटून."

मी सांगत गेलो. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोललो नसेन. घोस सांगितला, हाडांतला चुना सांगितला, पिसांचं सांगितलं, रेवदंड्याची आंधळी कोंबडी सांगितली. उजेड डोक्यातून आत जातो म्हणालो तेव्हा त्यांनी ठिपकीच्या तुऱ्यामागे बोट ठेवलं, अगदी त्या खालांसारखं. मग स्वतः उठून दुसरी कोंबडी धरली, तिसरी धरली. प्रत्येकीला बोट लावून बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. जन्मभर कोंबड्यांत राहिलेली बाई, पण हा दरवाजा त्यांना कोणी दाखवला नव्हता. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या पहिल्या घोसाच्या वेळी माझ्या आत अनुभवलं होतं. आणि मग ते तिथून गेलं, कारण त्यांचा हिशोब पुढे सरकला.

"गेल्या साली तू हात लावलेलास," त्या म्हणाल्या.

"लावला होता."

"तवा किती बोटा गेली?"

"एक. ठिपकी सोडून सगळ्यांना एक."

ताराबाईंनी कोंबडी खाली सोडली. ती पंख झाडून निघून गेली. त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी अंडी झालीच न्हवती. मग तवा का न्हाय बोललास?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

त्या आत गेल्या, लुगडं बदलून आल्या. ठिपकीला पकडून कापडी पिशवीत घातलं, डोकं बाहेर राहील अशी गाठ मारली. "गाडी हाय ना तुजी? चल."

चौलपासून पोयनाडपर्यंत मी मोटारसायकल चालवली. मागे ताराबाई, त्यांच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकं काढून रस्ता बघणारी कोंबडी. वाटेत एकाने ओळखून विचारलं, डॉक्टर, पेशंट कुठला? ताराबाईंनी मागून सांगितलं, "पेशंट तूच. गप ऱ्हा."

दर्शनाच्या माहेरी अंगणात तिची आई तांदूळ पाखडत होती. ताराबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांना ते येत नसावं. त्यांनी पिशवी सोडली, कोंबडी विहिणीच्या पुढ्यात धरली आणि म्हणाल्या, "हात लावून बघ." विहीण गोंधळली. मग ताराबाईंनी मी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. थोडं चुकवून, पण जीव तोडून. शेवटी म्हणाल्या, "तुज्या पोरीनं येकबी आंडा नेला नव्हता. मी बोलले ती माजी चूक. आन् ह्याची."

दर्शना आतून आली होती. दारातच उभी होती, चौलला उभी होती तशीच. तिने कोंबडीला हात लावला नाही. सासूकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी तुमी हात लावलेला," ती म्हणाली. "मी बघत व्हते. तुमाला तवाच कललेला."

मी म्हटलं, "हो."

"आन् चा पिऊन गेलात."

एवढ्या नोकरीत लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, गाय मेली म्हणून दगड उचलले आहेत. त्यातलं काही मला आठवत नाही. हे आठवतं, ती ज्या साध्या आवाजात म्हणाली त्या आवाजासकट.

ती त्या दिवशी आली नाही. संक्रांतीनंतर विनोद दोनदा जाऊन आला, तिसऱ्या वेळी ती आली. येताना सासूला एकच सांगितलं म्हणे, खुराड्याला मी हात लावणार नाही. अजूनही लावत नाही. आता तिची मुलगी अंडी काढते. अंडं गरम असतं तोवर ते गालाला लावून बघायची त्या पोरीला सवय आहे. ताराबाईंनी खुराड्यावर दिवा टांगायचं कधी मनावर घेतलं नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाल्या, त्यांना त्यांची पिसं घालून घेऊ दे.

मी आता थंडीत कुठल्याही अंगणात शिरलो की पेटी खाली ठेवायच्या आधी बोलतो. दिवस लहान झालाय, अंडी कमी होणारच, कोणी घेत नाही, होतच नाहीत. स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने बोलतो. दवाखान्यातले सहकारी हसतात, म्हणतात, साहेब म्हातारपणी बोलके झाले.

ताराबाईंकडे मात्र मला दर मार्गशीर्षात जावंच लागतं. कोंबड्यांना काही झालेलं नसतं, त्यांना आता माझ्याइतकंच कळतं. तरी फोन येतो. मी ओटीवर बसतो. दर्शना चहा घेऊन दारात येते आणि तिथेच थांबते. कप तिच्याच हातात असतो. मग मी सांगायला लागतो. घोस, चुना, पिसं, कवटीतून आत जाणारा उजेड, सगळं, पहिल्यापासून. तिची मुलगी तोंड उघडं टाकून ऐकते. सांगताना मलाही दरवर्षी ते पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटतं. सांगून पुरं झालं की दर्शना पुढे येते आणि कप देते. तोवर चहा निवलेला असतो. मी पितो.